पुरस्कार हुकलेले अभिजात चित्रपट (फिल्मफेअर)

एखाद्या वर्षी मुख्य बक्षीस एका सिनेमाला मिळतं आणि पुढे लोकांच्या लक्षात राहतो भलताच, त्यावरून जो वाद वर्षानुवर्षं चालतो तो या नोंदीचा विषय. जगात याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 1941 च्या सिनेमांचं ऑस्कर, जिथे 'सिटिझन केन' राहिला आणि 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली' जिंकला. आपल्याकडे ऑस्करच्या बाबतीत 'मदर इंडिया' एका मताने हरला असं छातीठोक सांगतात, पण ऑस्करवाले मतांचे आकडे जाहीरच करत नाहीत, त्यामुळे ते ऐकीव धरावं. शिवाय समोर इटालियन दिग्दर्शक फेलिनीचा 'नाइट्स ऑफ कॅबिरिया' होता, तेव्हा तिथे अन्याय वगैरे म्हणायला फारशी जागा नाही. राष्ट्रीय पुरस्कारांबद्दलही कुरबुर होते. पहिल्याच वर्षी, म्हणजे 1953 च्या सिनेमांसाठी, आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला सुवर्णपदक मिळालं आणि 'दो बिघा जमीन'ला नुसतं प्रमाणपत्र, जो फ्रान्समधल्या कान महोत्सवातही बक्षीस घेऊन आला होता. त्यावर तटस्थपणे लिहिणं मराठी माणसाला जरा जडच जातं, तेव्हा ते सोडून देऊ. खाली फक्त हिंदी सिनेमा आणि फिल्मफेअर.

फिल्मफेअर या सिनेमाच्या नियतकालिकाचे हे पुरस्कार 1954 पासून दिले जातात, पहिला समारंभ मुंबईत मेट्रो थिएटरला झाला, तेव्हा त्यांना टाइम्स ऑफ इंडियाच्या समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून 'क्लेअर्स' म्हणायचे आणि विभाग होते फक्त पाच. सुरुवातीला सगळं वाचकांच्या मतांवर होतं, साधारण 1956 पासून वाचक आणि जाणकारांची समिती अशी दुहेरी पद्धत आली असं मानतात. वादाचं मूळ बरंचसं इथेच आहे. लोकांना आवडलेलं आणि जाणकारांना पटलेलं एकाच बाहुलीत (म्हणजे पुरस्काराच्या मूर्तीत) बसवायचं म्हटल्यावर कधी हे तर कधी ते बाहेर राहणारच. सालांचाही गोंधळ होतो कारण पुरस्काराचं वर्ष समारंभाचं असतं, सिनेमाचं नाही, आणि त्यातही काटेकोरपणा नव्हता, 'मेरा नाम जोकर' डिसेंबर 1970 ला लागला आणि त्याची बक्षिसं 1972 ला मिळाली. इथे सगळीकडे समारंभाचं साल धरलंय, सिनेमाचं असेल तिथे तसं सांगितलंय.

पन्नास-साठच्या दशकातल्या तक्रारी बहुतेक संगीताच्या आहेत, अख्ख्या सिनेमाच्या कमी. 'प्यासा'चा अपवाद, 1958 ला त्याला एकही फिल्मफेअर मिळालं नाही, पण त्या वर्षी समोर 'मदर इंडिया' होता हे लोक सांगताना गाळतात. 2005 मध्ये टाइम साप्ताहिकाच्या सर्वकालीन शंभर सिनेमांत 'प्यासा' आला आणि त्यानंतर ही तक्रार जास्त जोरात सुरू झाली असं दिसतं. 1960 ला 'सुजाता' जिंकला, 'कागज के फूल'च्या वाट्याला छायाचित्रण (व्ही. के. मूर्ती) आणि कलादिग्दर्शन (एम. आर. आचरेकर) एवढंच आलं. 1961 ला 'मुगल-ए-आझम' सिनेमा म्हणून पहिला आला, पण दिग्दर्शनाचं बक्षीस के. आसिफना नाही, बिमल रॉयना 'परख'साठी, आणि संगीताचं नौशादना नाही, शंकर-जयकिशनना 'दिल अपना और प्रीत पराई'साठी. 1967 ला 'गाइड'ने सिनेमा, दिग्दर्शन, नायक, नायिका सगळं नेलं आणि संगीत मात्र 'सूरज'ला गेलं, परत शंकर-जयकिशन. 'गाइड'चे संगीतकार सचिनदा (एस. डी. बर्मन) यांच्या चाहत्यांनी हे अजून माफ केलेलं नाही. शंकर-जयकिशन यांच्या नावावर एकूण नऊ फिल्मफेअर आहेत. त्यातली निम्मी तरी निर्विवाद आहेत, त्यामुळे सरसकट संशय घेणाऱ्यांचं मत इथे ग्राह्य धरलेलं नाही. पण नववं बक्षीस हा खरा वादाचा मुद्दा आणि त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं.

ते नववं म्हणजे 1973 चं, 'बेइमान'साठी. सोहनलाल कंवर यांचा हा सिनेमा त्या वर्षी सिनेमा, दिग्दर्शन, नायक (मनोज कुमार), सहायक अभिनेता (प्राण), संगीत, गीत (वर्मा मलिक) आणि गायक (मुकेश) अशी सात बक्षिसं घेऊन गेला, त्यातली शेवटची दोन 'जय बोलो बेइमान की' या एकाच गाण्याची. आणि त्याच वर्षी स्पर्धेत होता कमाल अमरोहींचा 'पाकीझा', ज्याला कलादिग्दर्शनाचं एक बक्षीस मिळालं, एन. बी. कुलकर्णी यांना. बस्स.

'पाकीझा' नेमका कधी सुरू झाला यावर एकमत नाही. मुहूर्त 1956 चा धरणारे बरेच आहेत, काही 1958 म्हणतात, आणि कल्पना तर त्याच्याही आधीची, मीना कुमारी आणि अमरोही यांच्या संसाराच्या सुरुवातीच्या वर्षांतली. मुहूर्त आणि प्रत्यक्ष शूटिंग यात गल्लत होऊन ही दोन सालं आली असावीत, त्यामुळे 1956 जास्त पटतं. आधी ब्लॅक अँड व्हाइट, मग रंगीत, मग सिनेमास्कोप असं करत काम लांबलं, 1964 ला नवरा-बायको वेगळे झाले, काम थांबलं, सुनील दत्त आणि नर्गिस यांनी आधी शूट केलेलं रीळ बघून दोघांना पुन्हा गळ घातली असं सांगतात, आणि 1969 ला शूटिंग परत सुरू झालं. मधल्या काळात कॅमेरामन जोसेफ वर्शिंग गेले (1967) आणि संगीतकार गुलाम मोहम्मद गेले (1968). सिनेमा लागला 4 फेब्रुवारी 1972 ला, मुंबईत मराठा मंदिरला, आणि 31 मार्चला मीना कुमारी गेल्या. त्यानंतर गर्दी वाढली हे खरं, पण सिनेमा फक्त सहानुभूतीवर चालला हे मत मात्र टिकत नाही, कारण ती गाणी आजही चालतात आणि आज कोणाला सहानुभूती आठवत नाही.

संगीताचा प्रश्न दोन बाजूंनी गुंतागुंतीचा आहे. एक, 'पाकीझा'चं संगीत कोणाचं? 'चलते चलते', 'ठाडे रहियो', 'मौसम है आशिकाना', 'चलो दिलदार चलो' ही गाणी गुलाम मोहम्मद यांची, यावर वाद नाही. ते गेल्यावर पार्श्वसंगीत आणि राजकुमारी, परवीन सुलताना वगैरेंच्या आवाजातल्या ठुमरीवजा जागा नौशाद यांनी पूर्ण केल्या, त्यामुळे नौशाद यांना अर्धं श्रेय द्यायची एक पद्धत पडली आहे, पण ती जरा जास्तच उदार वाटते. स्वतः गुलाम मोहम्मद कितीतरी वर्षं नौशाद यांचे सहायक होते, तबल्याचे माणूस, त्यामुळे दोघांची शैली कानाला जवळची वाटते आणि गोंधळ त्यातूनच होतो. 'इन्हीं लोगों ने'चा मुखडा 1940 च्या दशकातल्या सिनेमांत आधी येऊन गेला होता, म्हणून चाल पूर्ण नवी नाही असाही आक्षेप आहे. तो बरोबर आहे, फक्त कोठ्यावरच्या पारंपरिक बंदिशींच्या बाबतीत असं होतच असतं, आणि एका गाण्याने उरलेली चार खोटी पडत नाहीत. जाता जाता, 'मिर्झा गालिब' (1954) साठी गुलाम मोहम्मद यांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला असं खूप ठिकाणी छापलेलं सापडतं. सुवर्णपदक त्या सिनेमाला मिळालं होतं, संगीत दिग्दर्शनाचा वेगळा राष्ट्रीय पुरस्कार 1967 च्या सिनेमांपासून सुरू झाला, तेव्हा तो उल्लेख तपासून घ्यावा.

दुसरी बाजू म्हणजे माणूस गेलेला असताना बक्षीस द्यायचं नाही असा नियम होता, हे स्पष्टीकरण. ऐकायला बरं वाटतं पण जुळत नाही. गीतकार शैलेंद्र डिसेंबर 1966 ला गेले आणि 1969 ला 'ब्रह्मचारी'च्या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. गुलाम मोहम्मद यांना तर नामांकनही दिलेलं होतं, मग नियम असता तर नाव यादीत आलंच नसतं. आणि सगळ्यात गंमत म्हणजे जे जिंकले त्यातले जयकिशन स्वतः सप्टेंबर 1971 ला गेले होते, म्हणजे 'बेइमान' लागण्याच्याही आधी, तरी बक्षीस जोडीच्या नावाने दिलं गेलं. यावरून नियमाचा मुद्दा मागून जोडला गेला असावा असं म्हणायला हरकत नाही.

हा वाद फक्त चाहत्यांपुरता राहिला नाही तो प्राण यांच्यामुळे. 'बेइमान'साठी सहायक अभिनेत्याचं बक्षीस त्यांनी घेतलं नाही, कारण संगीताचं बक्षीस 'पाकीझा'ला आणि गुलाम मोहम्मद यांनाच मिळायला हवं होतं असं त्यांचं म्हणणं. लक्षात घ्या, हा माणूस जिंकलेल्या सिनेमातला होता, 'पाकीझा'शी त्याचा काही संबंध नव्हता आणि आधी दोन फिल्मफेअर ('उपकार' आणि 'आंसू बन गये फूल') त्याने घेतलेली होती, त्यामुळे रुसवा वगैरे म्हणता येत नाही. जिंकणाऱ्याने दुसऱ्यासाठी बक्षीस नाकारावं असं फिल्मफेअरच्या इतिहासात अगदी क्वचित घडलंय. बक्षिसं विकत मिळायची असाही आरोप त्या काळाबद्दल होतो, ऋषी कपूर यांनी 2017 च्या आत्मचरित्रात 'बॉबी'च्या वेळी एका पुरस्कारासाठी 30 हजार रुपये दिल्याचं लिहिलंय, पण ते त्यांच्यापुरतं, त्यावरून 1973 बद्दल काही सिद्ध होत नाही.

सर्वात जास्त बोललं जाणारं उदाहरण अर्थात 'शोले'. 1976 ला नऊ नामांकनं आणि बक्षीस एकच, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. 'दीवार'ने सिनेमा, दिग्दर्शन, कथा, पटकथा, संवाद, शशी कपूर यांना सहायक अभिनेता आणि ध्वनी असं सगळं नेलं. संगीत 'ज्यूली'ला, राजेश रोशन यांना, म्हणजे 'शोले'चे संगीतकार आर. डी. बर्मन परत कोरडे, त्यांचं पहिलं फिल्मफेअर थेट 1983 ला. लोकांना हे सगळं फार अन्यायाचं वाटतं, मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चाललेल्या सिनेमाला एक बक्षीस म्हणजे काय. पण नीट बघितलं तर पटकथा दोन्हीकडे सलीम-जावेद यांचीच, आणि लिखाण म्हणून 'दीवार' जास्त घट्ट आहे हे मत आता बऱ्याच अभ्यासकांचं आहे आणि ते इथे योग्य वाटतं. 'शोले' मोठा आहे तो घडणीत, दृश्यांत, आवाजात, आणि संकलनाचं बक्षीस त्या अर्थाने चुकीच्या माणसाला गेलेलं नाही. शिंदे यांनी साधारण तीन लाख फूट फिल्ममधून वीस हजार फुटांचा सिनेमा काढला असं सांगितलं जातं. 2012 ला ते गेले, शेवटची वर्षं धारावीतल्या छोट्या घरात, आणि तेव्हाच्या बातम्या वाचून बऱ्याच जणांना 'शोले' एका शिंद्यांनी कापला होता हे पहिल्यांदा कळलं. आचरेकर, कुलकर्णी, शिंदे, 'कागज के फूल', 'पाकीझा' आणि 'शोले' या हरलेल्या तिन्ही मोठ्या सिनेमांना जे काही मिळालं त्यात एकेक मराठी तंत्रज्ञ आहे, याचा कुठे फारसा उल्लेख होत नाही म्हणून नोंदवून ठेवलं. 2005 ला पन्नासाव्या समारंभात फिल्मफेअरने 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम सिनेमा म्हणून खास पुरस्कार दिला, पण 'पाकीझा'साठी असं काही झालं नाही.

ऐंशीच्या दशकाबद्दल थोडक्यात. 1984 ला 'अर्धसत्य' जिंकला, तो श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरचा, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. 'जाने भी दो यारो'ला पुढच्या वर्षी रवी बासवानी यांचं विनोदी अभिनेत्याचं बक्षीस तेवढं मिळालं, आणि आज तो सिनेमा कुठल्याही यादीत दिसतो. 1987 आणि 1988 ला समारंभच झाले नाहीत, त्यामुळे 1986 आणि 1987 चे सिनेमे कोणाशी हरलेच नाहीत, 'मिस्टर इंडिया' त्यातलाच. श्रीदेवींना 2013 मध्ये 'नगीना' आणि 'मिस्टर इंडिया' या दोन्हींसाठी मिळून एक विशेष पुरस्कार दिला गेला.