टकर, आर्थर विल्सन (बॉब)

(२३ नोव्हेंबर १९१४ – ६ ऑक्टोबर २००६). अमेरिकन विज्ञानकथा व रहस्यकथालेखक आणि विज्ञानकथेच्या आद्य चाहतामंडळातील एक अग्रणी. जन्म इलिनॉय राज्यातील डीअर क्रीक येथे. आयुष्याचा बहुतेक काळ त्याच राज्यातील ब्लूमिंग्टन येथे गेला. १९७२ पर्यंत तो चित्रपटगृहात प्रक्षेपक चालवीत असे. कादंबऱ्यांवर ‘विल्सन टकर’ असे नाव घालणारा हा लेखक चाहत्यांत ‘बॉब’ म्हणूनच ओळखला जाई. विनोदी मजकुरासाठी त्याने ‘हॉय पिंग पाँग’ हे टोपणनाव घेतले होते.

ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ मध्ये सुरू केलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. त्यातून वाचक एकमेकांना लिहू लागले आणि १९३० च्या सुमारास त्यांची स्वतःची हस्तनिर्मित नियतकालिके निघू लागली. यांत पहिले कोणते, हा वाद जुना आहे. मे १९३० मधील ‘द कॉमेट’ला सामान्यतः हा मान दिला जातो; मात्र त्यात कथेपेक्षा विज्ञानावर भर असल्याने काही अभ्यासक १९३२ मधील ‘द टाइम ट्रॅव्हलर’ पुढे करतात. कालक्रम पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. टकरचे पहिले नियतकालिक ‘द प्लॅनेटॉइड’ १९३२ चे, म्हणजे अगदी पहिल्या पिढीतले. अशा चाहत्यांच्या नियतकालिकांसाठी ‘फॅनझिन’ हा शब्द मात्र १९४० मध्ये रस शोव्हने या चाहत्याने घडविला. तोवर ‘फॅनमॅग’ म्हणत.

मासिकांच्या पत्रसदरांत टकरचा वावर मोठा होता. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्याने मासिके तारेच्या पिनांनी बांधण्याविरुद्ध एक संघटना घोषित केली. डॉनल्ड वोलहाइम या दुसऱ्या चाहत्याने पिनांच्या बाजूने लगेच दुसरी काढली. हे ‘पिनांचे युद्ध’ रंगात असताना, १९३६ च्या सुमारास, टकरच्या मृत्यूची खोटी वार्ता छापली गेली. अशी वार्ता पुढेही उठली.

१९३८ पासून त्याने ‘ल झाँबी’ हे फॅनझिन चालविले. त्याच्या जानेवारी १९४१ च्या अंकात त्याने ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्दप्रयोग सुचविला. पाश्चिमात्य घोडेस्वारपटांना ‘हॉर्स ऑपेरा’ म्हणत. साबण कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या रेडिओ मालिका ‘सोप ऑपेरा’ ठरल्या होत्या. त्याच धर्तीवर, झिजलेल्या साच्याच्या अंतराळयानकथांसाठी टकरने हे नाव दिले. ते निखालस निंदाव्यंजक होते. साधारणतः १९७० च्या दशकापासून त्याला भव्य पटावरील साहसकथेचा गौरवार्थ चिकटला. विज्ञानकथालेखक ई. ई. स्मिथच्या १९२८ पासूनच्या अंतराळकथांना लावले जाणारे हे नाव त्यामुळे पश्चात्‌बुद्धीचे आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

मित्रांची नावे कथेतील पात्रांना देण्याची त्याची सवय इतकी प्रसिद्ध झाली की त्या प्रथेलाच ‘टकरीकरण’ म्हणतात. प्रथा त्याच्यापूर्वीची आहे: भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्टने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भयकथेत तरुण लेखकमित्र रॉबर्ट ब्लॉकवर बेतलेल्या रॉबर्ट ब्लेक या पात्राला मारले होते. टकरकडे आद्यत्व नव्हे, सातत्य जाते.

शिकागो येथे १९४० मध्ये भरलेल्या दुसऱ्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या आयोजनात त्याचा वाटा होता. नवख्या चाहत्यांसाठी १९५५ मध्ये काढलेली त्याची मार्गदर्शक पुस्तिका चाहतामंडळाची बोली व रीती समजण्यास आजही उपयुक्त आहे. चाहत्यांनी चाहत्यांसाठी लिहिलेल्या साहित्यात तिचे मोल मोठे आहे. विज्ञानकथाक्षेत्रातील ह्यूगो पारितोषिकांपैकी सर्वोत्कृष्ट चाहता लेखकाचे पारितोषिक त्याला १९७० मध्ये मिळाले.

‘द चायनीज डॉल’ (१९४६) ही पहिली कादंबरी रहस्यकथा होती. ‘द लाँग लाउड सायलेन्स’ (१९५२) व ‘द इयर ऑफ द क्वाएट सन’ (१९७०) या त्याच्या प्रमुख विज्ञानकादंबऱ्या. दुसरीला १९७६ मध्ये जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल स्मृती पारितोषिक पूर्वलक्षी रीतीने देण्यात आले. २००३ मध्ये विज्ञानकथेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला. फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे तो निधन पावला.