पार्कातलं जेवण इतकं महाग कसं झालं

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मराठवाड्यातून दोन दिशांना गाड्या निघतात. नांदेड, लातूर, हिंगोलीकडची मंडळी हैदराबादला, रामोजी फिल्म सिटी नाहीतर वंडरला या मनोरंजन पार्कला जातात. संभाजीनगर, जालना, बीडकडची पुण्यावरून खोपोलीच्या इमॅजिकाला, किंवा साईबाबांचं दर्शन आणि वॉटर पार्क एकाच फेरीत उरकायला शिर्डीला. तिकिटं आधीच काढलेली असतात, डिझेल आणि लॉजचा हिशेब झालेला असतो. दुपारच्या जेवणाचा मात्र नसतो. चौघांच्या कुटुंबाने आत एकदा जेवण, एकदा नाश्ता आणि दोन-चार पाण्याच्या बाटल्या घेतल्या, की आणखी एका माणसाचं तिकीट निघेल एवढे पैसे सहज जातात. शेतीवर किंवा छोट्या नोकरीवर चालणाऱ्या घराला हा खर्च झोंबतो, आणि झोंबायलाच हवा. तो एका दिवसात कुणाच्या मनात आला म्हणून वाढलेला नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांचा धंद्याचा इतिहास आहे.

त्याआधी आपल्याकडची रीत आठवावी. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत शिरायला पैसे लागत नाहीत. राहाटपाळण्याचे पैसे वेगळे, तमाशाच्या तंबूचे वेगळे, आणि खायचं म्हणाल तर भजी, जिलेबी, गोडीशेव, रेवड्यांची रांगच्या रांग. एकाने भाव चढवला तर गिऱ्हाईक दोन पावलं पुढे सरकतं. शिवाय निम्मी माणसं घरूनच शिदोरी घेऊन आलेली असतात. दुधात कणीक भिजवलेल्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात, धपाट्यांना ठेचा आणि दही पुरतं. प्रवासाचं हे जेवण मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या पारखून ठेवलं आहे. जायकवाडी धरणाखालचं पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान हे आमच्या भागातल्या सहलींचं जुनं ठिकाण. तिथेही नाथांचं दर्शन घेऊन आलेली कुटुंबं हिरवळीवर सतरंजी अंथरून डबे उघडत. सहलीला गेलं म्हणजे जेवण विकतच घ्यायचं, ही कल्पनाच नव्हती.

भिंत आणि एकच गेट ही गोष्ट अमेरिकेतून आली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये सी लायन पार्क सुरू झालं. चहूबाजूंनी कुंपण आणि आत जायला पैसे, अशी पार्कं तिथून रुळली. पण कुंपणाबाहेर अजून जत्राच होती. तिथे फेल्टमनचं मोठं हॉटेल हॉट डॉग दहा सेंटला विकायचं. १९१६ मध्ये नेथन नावाच्या पोलिश स्थलांतरिताने शेजारीच गाडा टाकला आणि तोच पदार्थ पाच सेंटला द्यायला लागला. त्याची दुकानं आजही चालू आहेत. शेजारी दुसरा विकणारा असला की भाव कसा उतरतो, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

कॅलिफोर्नियात तर सगळं उलट्या क्रमाने घडलं. १९३४ मध्ये कॉर्डेलिया नॉट यांनी बेरीच्या मळ्यावरच्या आपल्या घरगुती खानावळीत ६५ सेंटला चिकनचं जेवण द्यायला सुरुवात केली, तेही लग्नात मिळालेल्या चिनी मातीच्या ताटांतून. गर्दी इतकी वाढली की ताटकळणाऱ्यांचा वेळ जावा म्हणून त्यांचे पती वॉल्टर यांनी १९४० मध्ये आवारात जुन्या काळचं एक गाव उभारायला घेतलं. तेच पुढे नॉट्स बेरी फार्म नावाचं पार्क झालं. तिथे आधी जेवण आलं, पाळणे नंतर.

हे नातं फिरलं ते कॅलिफोर्नियातल्याच डिस्नीलँडपासून. वॉल्ट डिस्नी यांच्याकडे पार्क बांधण्यापुरते पैसे नव्हते. एबीसी या टेलिव्हिजन कंपनीने पाच लाख डॉलर दिले आणि ४५ लाखांच्या कर्जाला हमी दिली. बदल्यात पार्कात सुमारे एक तृतीयांश भागीदारी घेतली, आणि खाण्यापिण्याच्या दुकानांचा दहा वर्षांचा नफाही. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक गेटातून आत येण्याआधीच त्याच्या जेवणावरचा नफा गहाण पडला होता. १७ जुलै १९५५ ला पार्क उघडलं तेव्हा कडक ऊन होतं आणि पिण्याच्या पाण्याचे बहुतेक नळ कोरडे होते. प्लंबरांच्या संपामुळे संडास किंवा नळ यांपैकी एकच वेळेत पुरं होणार होतं, आणि डिस्नींनी संडास निवडले. लोकांना मात्र वाटलं की शीतपेय खपवण्यासाठीच पाणी बंद ठेवलंय. तो संशय पार्क नावाच्या धंद्याला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

सुरुवातीला मोठ्यांना प्रवेश एक डॉलर होता आणि प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे. १९८२ मध्ये कुपनांची पुस्तकं बंद झाली, एकाच तिकिटात सगळे पाळणे आले. माझ्या मते खरं वळण हेच. पाळणे तिकिटात गेल्यावर दिवसभरात खिशात हात घालायला लावणारं काय उरलं? खाणं, पाणी आणि खेळणी. फ्लोरिडात तर डिस्नी कंपनीने कॅलिफोर्नियासारखी बाहेरच्यांची दुकानं आणि हॉटेलं पार्काला खेटून उभी राहू नयेत म्हणून आधीच सुमारे २७ हजार एकर जमीन घेऊन ठेवली होती. १९७१ मध्ये तिथे पार्क सुरू झालं तेव्हा गेटाबाहेर लागूनच स्वस्त खानावळ गाठायची सोय राहिलीच नाही. २००५ मध्ये जेवणाचं आगाऊ पॅकेज आलं. त्यात दहा वर्षांचं पोर मोठ्या माणसाच्या दरात धरलं जातं. एवढं करूनही अमेरिकेतली डिस्नीची पार्कं घरचा डबा आत नेऊ देतात. शांघायच्या डिस्नीलँडमध्ये ती मुभा नव्हती. २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीने कोर्टात दावा लावला, चीनभर चर्चा झाली, आणि त्याच वर्षी कंपनीने स्वतःपुरतं खाणं आणायला परवानगी दिली.

भारतात दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये आलं, गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये, कोचीचं वीगालँड, म्हणजे आजचं वंडरला, २००० मध्ये. हैदराबादचं वंडरला २०१६ चं. इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं आणि कर्जाच्या ओझ्याखाली दबून २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. पार्कवाल्यांची अडचण खोटी नाही. पाळण्यांची देखभाल, वीज, माणसं हा खर्च रोजचा. गर्दी मात्र शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागला तेव्हा प्रवेशावर २८ टक्के कर होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. तिकिटाचा आकडा लोक मोबाइलवर चार ठिकाणी ताडून पाहतात, म्हणून तो फार वाढवता येत नाही. थाळीचा आकडा घरून निघताना कुणी पाहत नाही. साहजिकच वाढ तिथे होते. शिवाय आतलं दुकान दुसऱ्याला चालवायला दिलेलं असलं, तर भाड्याचा किंवा विक्रीतल्या वाट्याचा बोजाही समोशावरच पडतो.

कायद्याने काय म्हटलंय? डब्याचा वाद आपल्याकडे गाजला तो मल्टिप्लेक्सवरून. जुलै २०१८ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्य सरकारने बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतील असं सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात सुरक्षेचं कारण देत हात आखडता घेतला. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सिनेमागृह ही खाजगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं रोखण्याचा मालकाला अधिकार आहे. पण पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही. निकाल सिनेमागृहांबद्दलचा आहे, तरी पार्कांचे नियम त्याच वाटेने जातात. सीलबंद बाटलीचं वेगळंच. सर्वोच्च न्यायालयाच्याच डिसेंबर २०१७ च्या निकालाने हॉटेल-रेस्टॉरंटना एमआरपीपेक्षा जास्त घेण्याची मुभा दिली, कारण तिथे बसायला जागा असते, वाढणारा माणूस असतो. नुसत्या काउंटरवरून बाटली हातात ठेवणाऱ्याने त्या निकालाचा आडोसा घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

सकाळी पार्किंगमध्ये उभं राहिलं की या सगळ्या इतिहासाचा शेवट दिसतो. रात्रभर प्रवास करून आलेली क्रूझर, बॉनेटवर पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर स्टीलचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी. गेटावर पिशव्या तपासतात, म्हणून आजी सगळ्यांना आत्ताच पोटभर खाऊन घ्यायला लावते. "आत जाऊन मागायचं नाही बरं का," असं नातवाला बजावते. दुपारी दोनला, पाण्यात खेळून आलेलं पोर भुकेने रडतं तेव्हा तीच आजी कमरेची पिशवी सोडते.

शाळांच्या सहलींचं मात्र वेगळं चालतं. हिवाळ्यात एसटी करून शाळा निघते तेव्हा सर आधी फोन करून तिकिटासकट जेवणाचा दर ठरवतात. दोनशे पोरं म्हटल्यावर पार्कवाला खाली येतो, आणि पुरी-भाजी, भात, एखादं गोड अशी थाळी खुल्या दरापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडते. म्हणजे त्या भावात जेवण देणं परवडतं. चौघांच्या कुटुंबाला तो भाव कुणी विचारू देत नाही. निदान तिकीट काढतानाच त्याच पानावर थाळीचा आणि पाण्याचा दर छापलेला असावा, आणि पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत ते आतल्या नकाशावर दाखवलेलं असावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. गावाकडची काही शहाणी मंडळी हल्ली तीन-चार घरं मिळून टेम्पो ट्रॅव्हलर करतात आणि पार्काला ग्रुपचा दर जेवणासकट मागतात.