खाली झुकलेली नजर: अदब आणि दडपण

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला येणारी बरीच मुले पैठण, गंगापूर, भोकरदन अशा तालुक्यांतल्या खेड्यांतून आलेली असतात. खोलीत शिरताना ती किंचित वाकतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि टेबलाकडे पाहत हळू आवाजात उत्तरे देतात. समोरचे अधिकारी कागदावर ‘आत्मविश्वास कमी’ असे लिहून मोकळे होतात. अनेक मुलाखतींत बसल्यावर माझे मत असे झाले आहे की, यातल्या कितीतरी नोंदी अदबीलाच दडपण समजल्यामुळे झालेल्या असतात आणि त्यापायी लायक मुलाची नोकरी हुकते.

अदब समोरच्या माणसामुळे येते, तर दडपण प्रश्नामुळे येते. आपल्याकडे ‘वर तोंड करून बोलतोस?’ हे रागावण्याचे वाक्य आहे आणि ‘कधी मान वर करून बोलला नाही’ ही शाबासकी आहे. ज्या मुलाने वडीलधाऱ्यांपुढे वीस वर्षे हेच पाळले, तो साहेबांपुढेही नजर खालीच ठेवणार. मुलींना तर हे अधिकच बजावलेले असते, त्यामुळे त्यांच्याबाबत ही चूक जास्त होते. अशी अदब मुलाखतीच्या आरंभापासून शेवटपर्यंत सारखीच राहते आणि नजर खाली असली तरी आवाज स्थिर असतो, वाक्य पूर्ण होते. दडपण मात्र प्रश्नागणिक कमीजास्त होते. अवघड प्रश्न आला की अॅड्रेनलिन या संप्रेरकामुळे छातीत धडधडते, तोंडाला कोरड पडते, आवाज बारीक होतो, बोटांचा चाळा सुरू होतो आणि वाक्य अर्ध्यावर तुटते.

एक डिप्लोमा झालेला मुलगा दहा मिनिटे टेबलाकडे पाहतच बोलत होता. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर टूल बदलल्यावर पहिला जॉब, म्हणजे बनवलेला पहिला भाग, कसा तपासणार, असे विचारताच त्याने कागद ओढून घेतला, आकृती काढली, मायक्रोमीटरने कुठे मोजायचे आणि ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापातली दुरुस्ती, किती द्यायचा हे हात मोकळे करून सांगितले. काम संपताच नजर पुन्हा खाली गेली. दडपण असते, तर ते नेमके त्याच प्रश्नावर वाढले असते.

खाली गेलेल्या नजरेचा आणखी एक चुकीचा अर्थ लावला जातो. नजर चुकवणारा खोटे बोलतो, हा समज तर 58 देशांतील लोकांमध्ये आढळल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले की, खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ठरतात.

उमेदवाराने अदब सोडण्याची गरज नाही. नमस्कार करताना आणि उत्तराच्या पहिल्या व शेवटच्या वाक्याला चेहऱ्याकडे पाहावे, पाठ टेकून बसावे, हात टेबलावर दिसतील असे ठेवावेत. मुलाखत घेणाऱ्यांनी निदान एक प्रश्न उमेदवाराच्या हातच्या कामाचा विचारावा आणि ‘आत्मविश्वास कमी’ लिहिण्याऐवजी कोणत्या प्रश्नावर आवाज, हात किंवा नजर बदलली, ते लिहावे.