मताआधीचा प्रश्न, मतानंतरचा प्रश्न: जनमत चाचणी आणि एक्झिट पोल

१ जून २०२४ च्या संध्याकाळी साडेसहा वाजले आणि सगळ्या वाहिन्यांवर एकाच वेळी एक्झिट पोलचे, म्हणजे मत देऊन आलेल्यांना विचारून काढलेले आकडे झळकू लागले. ॲक्सिस माय इंडियाने भाजपप्रणीत रालोआला ३६१ ते ४०१ जागा दिल्या, टुडेज चाणक्यने ४०० च्या आसपास. ४ जूनला मोजणी झाली तेव्हा रालोआ २९३ वर थांबली आणि भाजप २४० वर. मधल्या ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला होता, ४ जूनला तो चार हजारांहून जास्त कोसळला. याच निवडणुकीआधी फेब्रुवारीत, तारखाही जाहीर झाल्या नव्हत्या तेव्हा, इंडिया टुडेच्या ‘मूड ऑफ द नेशन’ या जनमत चाचणीने रालोआला ३३५ जागा दिल्या होत्या. म्हणजे चार महिने आधीचा अंदाज निकालाच्या जवळ होता आणि तीन दिवस आधीचा लांब.

यावरून जनमत चाचणी श्रेष्ठ ठरत नाही. चूक दोन्हीकडे झाली आणि एकाच दिशेने झाली. पण एक्झिट पोल म्हणजे उशिरा घेतलेली, म्हणून जास्त पक्की जनमत चाचणी, हा समज सोडून द्यायला हवा. ही दोन वेगळी साधनं आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी बिघडतात.

जनमत चाचणीतला नेहमीचा प्रश्न असा असतो: उद्याच मतदान झालं तर मत कोणाला द्याल? हा प्रश्न मतदारयादीतल्या कोणालाही विचारता येतो. २०२४ मध्ये देशात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, महाराष्ट्रात साधारण ६१. म्हणजे उत्तर देणाऱ्यांपैकी बराच मोठा गट केंद्रापर्यंत जाणारच नसतो आणि तो नेमका कोणता, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतं. शिवाय ‘अजून ठरवलं नाही’ म्हणणारे असतात. त्यांना बाकीच्यांच्या प्रमाणात वाटून टाकलं, की वेगळं दाखवलं, यावरच एखाद्या पक्षाचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी हलू शकतो. अहवालात हे लिहिलेलं नसेल तर पुढचे आकडे वाचण्यात फारसा अर्थ नाही.

काम नीट केलं तर ते असं चालतं. आधी मतदारसंघ निवडायचे, मग त्यांतली मतदान केंद्रं, मग प्रत्येक केंद्राच्या यादीतून ठरावीक अंतराने नावं. यादीत १२०० नावं असतील आणि २० मुलाखती हव्या असतील, तर दर साठावं नाव. पहिलं नाव १ ते ६० मधून चिठ्ठी काढून. अडचण दारात सुरू होते. घराला कुलूप असतं, माणूस कामासाठी दुसऱ्या शहरात गेलेला असतो, नाव मयताचं असतं. अशा वेळी ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्याची मुलाखत घेऊन आकडा भरला, की नमुना दिवसा घरी किंवा पारावर सापडणाऱ्या लोकांकडे झुकतो. फोनवरच्या चाचणीत हाच झुकाव वेगळ्या तऱ्हेने येतो, कारण अनेक घरांत फोन पुरुषाच्या हातात असतो.

एक्झिट पोलला हातात यादीच नसते. आज कोण येणार हे आधी माहीत नाही, म्हणून यादीऐवजी रांगेतून निवड करायची. प्रचारबंदीची १०० मीटरची हद्द सोडून सर्वेक्षक उभा राहतो आणि बाहेर पडणारा दर दहावा मतदार थांबवतो. बोलायला तयार होईल तो नव्हे, दहावाच. बोटावर शाई आहे, म्हणजे ‘हा मतदान करणार का’ हा जनमत चाचणीचा मोठा प्रश्न इथे मिटलेला असतो. एक्झिट पोलची खरी ताकद एवढीच, आणि ती कमी नाही. पण दहावा नकार देऊन निघून गेला तर? चांगल्या पद्धतीत त्याचं लिंग आणि अंदाजे वय नोंदवून ठेवतात, म्हणजे नंतर आकड्यांना भार देताना, म्हणजे कमी आलेल्या गटाचं वजन वाढवताना, ती तूट धरता येते. अकराव्याला पकडून जागा भरली, तर नमुन्यात फक्त बोलके लोक उरतात. नकार सगळ्या गटांत सारखा येत नाही. ज्याला गावातल्या बलवान गटाविरुद्ध मत दिल्याचं उघड व्हायला नको असतं, तो एकतर टाळतो किंवा खोटं सांगतो. म्हणून तोंडी विचारण्याऐवजी नकली मतपत्रिका देऊन बंद पेटीत टाकायला सांगणं योग्य.

वेळही महत्त्वाची. सकाळी सात ते अकरा उभं राहून पन्नास मुलाखती भरल्या आणि निघून गेलं, तर शेतावरून किंवा कारखान्यातली पाळी संपवून संध्याकाळी येणारे मतदार हिशेबातच नाहीत. ८५ वर्षांवरील आणि ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मतदारांनी २०२४ मध्ये घरूनच मत दिलं असेल, तर तेही केंद्राबाहेर दिसणार नाहीत.

या दोन्हींच्या मधे तिसरा प्रकार आहे आणि तो सर्रास एक्झिट पोल म्हणून खपवला जातो. मतदान झाल्यावर यादीतल्या निवडलेल्या मतदाराच्या घरी जाऊन विचारायचं. लोकनीती-सीएसडीएस ही दिल्लीची संशोधन संस्था वर्षानुवर्षं असं करते. निवड जनमत चाचणीसारखी, प्रश्न एक्झिट पोलसारखा. वेळ जास्त लागतो, पण केंद्राबाहेरच्या गर्दीची घाई आणि नजरा टळतात. माझ्या मते कोणी कोणाला आणि का मत दिलं, हे कळण्यासाठी हाच प्रकार सर्वांत भरवशाचा.

कायदाही दोघांना वेगळं वागवतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १२६अ एक्झिट पोलसाठी आहे. मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्ध्या तासापर्यंत निष्कर्ष प्रसिद्ध करता येत नाहीत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२४ मध्ये पहिला टप्पा १९ एप्रिलला आणि सातवा १ जूनला होता, म्हणून सगळे आकडे एकाच संध्याकाळी बाहेर आले. जनमत चाचणीवरचं बंधन सौम्य आहे: कलम १२६ नुसार त्या त्या टप्प्यातलं मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ती दाखवायची नाही. त्याआधी हवी तेवढी.

आता नमुन्याच्या आकाराबद्दल, कारण जाहिरात त्याचीच होते. अगदी निखळ यादृच्छिक निवड धरली तर १००० जणांच्या नमुन्यात चूक साधारण अधिक-उणे ३ टक्के, १०,००० मध्ये १ टक्का. ॲक्सिस माय इंडियाचा २०२४ चा नमुना ५ लाख ८० हजारांचा होता. कागदावर त्याची चूक ०.१ टक्क्याच्या आसपास यायला हवी. तरी अंदाज इतका चुकला, कारण मोठा नमुना फक्त योगायोगाची चूक कमी करतो. झुकाव असेल तर तो तसाच राहतो. उलट १० हजारांच्या आसपास नमुना घेऊन लोकनीतीने मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला १९ राज्यांत केलेल्या मतदानपूर्व पाहणीत २७ टक्क्यांनी बेरोजगारी आणि २३ टक्क्यांनी महागाई हा सर्वांत मोठा मुद्दा सांगितला होता. जनमत चाचणीतला जागांचा तक्ता बाजूला ठेवून हे प्रश्न वाचावेत, कारण केंद्राबाहेरच्या दोन मिनिटांत एवढं विचारायला वेळच नसतो.

एक्झिट पोल मतदाराचं म्हणणं नोंदवतो, यंत्रातलं बटण नव्हे. साताऱ्यात हे नेमकं महाग पडलं असतं. शरद पवार गटाचं चिन्ह होतं ‘तुतारी फुंकणारा माणूस’ आणि एका अपक्षाला मिळालं होतं नुसतं ‘तुतारी’. उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले, अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. त्यातली किती गोंधळून पडली हे सिद्ध करता येत नाही. पण बाहेर ‘तुतारी’ म्हणणाऱ्याला सर्वेक्षक कोणाच्या रकान्यात टाकणार, हे सांगायला नको.

शेवटची पायरी दोघांना समान आहे आणि सर्वांत निसरडी: मतांच्या टक्क्यांवरून जागा काढणं. महाराष्ट्रात २०२४ ला महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याच्या आतच फरक होता, जागा मात्र ३० आणि १७. त्यात शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटलेल्या, त्यामुळे २०१९ चे आकडे पाया म्हणून वापरायची सोयही राहिली नव्हती. मुंबई उत्तर पश्चिममध्ये तर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. अशा मतदारसंघापुढे दोन्हींपैकी कोणत्याही चाचणीने विजेत्याचं नाव लिहिलं असेल, तर ते नाव मुलाखतींतून आलेलं नसतं.