विमानवेधी तोफांच्या संरक्षित तळावर काम करायचंय? आधी संमतीचा अर्ज

ब्रिस्टलच्या पर्डाउन टेकडीवर दुसऱ्या महायुद्धातला विमानवेधी तोफांचा तळ अजून उभा आहे. इंग्लंडमध्ये युद्धकाळात जड तोफांचे असे शेकडो तळ बांधले गेले, त्यातले मोजकेच नीट उरलेत. पर्डाउनला 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट'चा, म्हणजे कायद्याने संरक्षित वास्तूंच्या यादीतला दर्जा आहे.

अशा जागी स्थानिक गटासोबत डागडुजी करायची असेल, तर 1979 च्या प्राचीन वास्तू कायद्याखाली लेखी पूर्वसंमती लागते. पाडकाम, बदल, भराव टाकणं हे तर आलंच, पण साधी दुरुस्तीही त्यात येते. विनासंमती काम हा फौजदारी गुन्हा आहे. नियम कडक वाटेल, पण मला तो पूर्ण पटतो. तोफ जिथे घट्ट बसवलेली असे, तिथल्या गंजक्या बोल्टांच्या मांडणीवरून ती 3.7 इंची होती की 4.5 इंची, याचा माग लागू शकतो. कुणी उत्साहाने ते कापले किंवा त्यावर सिमेंट ओतलं, की तो पुरावा कायमचा गेला.

अर्ज कोणीही करू शकतं, मालकच असायला हवा असं नाही. मात्र मालक दुसरा असेल तर त्याला कळवल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सोबत जागेचा नकाशा, कामाचे आराखडे, सध्याच्या स्थितीचे फोटो आणि कामाचं तपशीलवार वर्णन द्या. कुठलं साहित्य, कुठली पद्धत, किती खोल खणणार, सगळं लिहा. 'किरकोळ दुरुस्ती' एवढंच लिहिलेला अर्ज अडकणारच. फी नाही.

अर्ज हिस्टॉरिक इंग्लंडकडे जातो. वारसा जपणारी ही सरकारी संस्था सल्ला देते, निर्णय संस्कृती खात्याच्या मंत्र्यांच्या नावाने होतो. कागद भरण्याआधी तिथल्या निरीक्षकांशी बोलून घ्या, अर्धं काम तिथेच होतं. मिळालेल्या संमतीनुसार काम पाच वर्षांत सुरू झालं नाही, तर ती संपते.

जीविताला धोका असेल तर तातडीचं, अगदी गरजेपुरतं काम आधी करता येतं, पण लगेच लेखी कळवावं लागतं. मेटल डिटेक्टर वापरायचा तर त्याची वेगळी परवानगी. नगररचनेची परवानगी लागत असेल तर तीही स्वतंत्रपणे काढावी लागते. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये नियम व कार्यालयं निराळी आहेत, तिथे अनुक्रमे कॅडू आणि हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंडकडे विचारा.