सिपारीची माई: त्रिनिदादमधल्या एका मिरवणुकीची पार्श्वभूमी

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळपासूनच कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटाच्या दक्षिणेला, सिपारिया गावात रांग लागायला सुरुवात होते. रांगेत बायका जास्त, आणि त्यातल्या बहुतेक हिंदू. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या मेणबत्त्या, कुणाकडे ऑलिव्हच्या तेलाची छोटी बाटली, कुणाच्या रुमालाच्या गाठीत नवसाचा सोन्याचा दागिना. ज्यांच्या कडेवर तान्हं मूल असतं त्या न्हाव्यासमोर बसतात, कारण बाळाचं जावळ इथेच काढायचं हे घरात आधीपासून ठरलेलं असतं. रस्त्याच्या कडेने भिकारी ओळीने बसलेले असतात. प्रत्येकाच्या पुढ्यात मूठभर तांदूळ आणि एखादं नाणं टाकत रांग पुढे सरकते.

रांगेच्या टोकाशी मूर्ती आहे ती मरियामातेची. सावळा चेहरा, लांब काळे केस, अंगात भाविकांनी शिवून आणलेला झगा, गळ्यात अर्पण आलेले दागिने. चर्चच्या दप्तरात तिचं नाव ‘ला दिविना पास्तोरा’, म्हणजे दिव्य मेंढपाळीण. रांगेतल्या बायका तिला ‘सिपारी माई’ म्हणतात. कुणी तिला दुर्गा मानतं, कुणी काली, कुणी लक्ष्मी, आणि बऱ्याच जणी नुसतंच माई.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी हीच मूर्ती पुन्हा बाहेर पडते. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होते, मूर्ती खांद्यावर घेतली जाते आणि गावच्या रस्त्यांवरून कॅथलिक मिरवणूक निघते. एक मूर्ती आणि तिचे दोन सण, दोन निरनिराळ्या दिवशी. याला सर्वधर्मसमभावाचा नमुना म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. हे दोन दिवस कुणी विचारपूर्वक वाटून घेतलेले नाहीत. त्यांच्यामागे मिशन आहे, ऊसमळा आहे, आणि मळ्यावरच्या माणसाला सुट्टी कधी मिळायची हा प्रश्न आहे.

मेंढपाळीण मरियेची कल्पना मुळात स्पेनमधल्या सेव्हिल शहराची. इसिदोरो नावाचे एक कापुचिन, म्हणजे फ्रान्सिस्कन परंपरेतल्या एका कॅथलिक संघाचे, संन्यासी तिथे रस्त्यांवर प्रवचनं करत. १७०३ साली त्यांनी आलोन्सो मिगेल दे तोवार या चित्रकाराकडून मरियेचं एक नवं चित्र काढून घेतलं. झाडाखाली बसलेली मरिया, अंगावर धनगरणीचा वेश, भोवती मेंढ्या आणि त्यांच्या तोंडात गुलाबाची फुलं. ८ सप्टेंबर १७०३ रोजी या चित्राचं निशाण घेऊन सेव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली. म्हणजे ही माता जन्मापासूनच मिरवणुकीची. कापुचिनांना ती इतकी भावली की जिथे जिथे त्यांची मिशनं गेली तिथे तिथे ती गेली. त्रिनिदादसमोरच्या मुख्य भूमीवर, व्हेनेझुएलातल्या बार्किसिमेतो शहरात, दर १४ जानेवारीला निघणारी तिची मिरवणूक १८५६ च्या कॉलऱ्याच्या साथीपासून चालत आली आहे आणि आज लाखोंच्या गर्दीची आहे.

त्रिनिदाद हे बेटाचं नावच ख्रिस्ती त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवरून, पडलेलं. ३१ जुलै १४९८ रोजी कोलंबसला ते दिसलं आणि त्याने ते नाव दिलं. पण सोनं नाही, चांदी नाही, त्यामुळे स्पेनने या बेटाकडे पुढची तीनशे वर्षं जेमतेमच लक्ष दिलं. १६८७ मध्ये कॅटलोनियातून कापुचिन आले आणि मिशनं उभी राहिली. मिशन म्हणजे रानात विखुरलेल्या मूळनिवासी लोकांना गोळा करायचं, मध्ये चर्च आणि भोवती झोपड्या अशी वस्ती बसवायची, सकाळ-संध्याकाळ धर्मशिक्षण द्यायचं आणि मधल्या वेळात शेतात राबवायचं. अरेना इथल्या मिशनवर याचा भडका उडाला. १ डिसेंबर १६९९ रोजी तिथल्या लोकांनी पाद्र्यांना ठार केलं, आणि पाहणीला येत असलेल्या गव्हर्नरलाही. त्यानंतरचा सूड भयंकर होता. १७०८ मध्ये राजाज्ञेने मिशनं बंद झाली.

मग अठराव्या शतकाच्या मध्यावर कापुचिन पुन्हा आले, या वेळी आरागॉन प्रांताचे. १७५६ ते १७५८ च्या दरम्यान त्यांनी सिपारियाचं मिशन वसवलं. मूर्ती कशी आली याची गावातली कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोथोने या डोमिनिकन संघाच्या फ्रेंच पाद्र्याने लिहून ठेवली आहे. समोरच्या मुख्य भूमीवर एका स्पॅनिश पाद्र्याच्या जिवावर बेतलं होतं, या मूर्तीने त्याला वाचवलं, आणि तिला घेऊन तो सिपारियाला आला, अशी ती कथा. मूर्ती समुद्र ओलांडून आली, एवढं ती कथा सांगते.

मेंढपाळीण ही प्रतिमा मिशनच्या कामाला किती चपखल बसत होती हे इथे लक्षात घ्यायला हवं. भरकटलेली मेंढरं कळपात आणायची, ही त्या काळच्या मिशनची भाषाच होती, आणि मेंढरं म्हणजे ज्यांची जमीन गेली ते लोक. सिपारियात आज त्या मूळ लोकांची वेगळी वस्ती उरलेली नाही. ज्यांना गोळा करण्यासाठी माई आणली ते विरून गेले, आणि जे कुणाच्याच हिशेबात नव्हते ते तिच्या दारात उभे राहिले. या जागेचा इतिहास वाचताना मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

उत्तरेकडे अरिमात मात्र असं घडलं नाही. तिथल्या मिशनची देवता लिमाची संत रोझ, सांता रोसा. तीन शिकाऱ्यांना रानात एक मुलगी सापडली, ती तीनदा नाहीशी झाली, आणि पाद्र्याने ओळखलं की ही संत रोझच, अशी कथा आहे. दर ऑगस्टमध्ये गुलाबांनी सजवलेली तिची मूर्ती अरिमाच्या रस्त्यांवरून निघते, आणि तिच्यासोबत मूळनिवासी समाजाची राणी मानाने चालते. त्या समाजाने १९७० च्या दशकात आपली संघटना नोंदवली. अरिमात मिरवणूक होती म्हणून समाज आपण कोण हे विसरला नाही, असं म्हणायला जागा आहे.

सिपारियात पुढे काय झालं ते बेटाच्या लोकसंख्येत वाचता येतं. १७८३ मध्ये स्पॅनिश राजाने फर्मान काढलं की कॅथलिक असणाऱ्या परदेशी मळेवाल्याने यावं, त्याला जमीन मिळेल, आणि सोबत गुलाम आणले तर जास्त मिळेल. मार्टिनिक, ग्रेनाडा वगैरे बेटांवरून फ्रेंच मळेवाले आले आणि त्यांच्याबरोबर हजारो गुलाम आफ्रिकी माणसं आली. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. त्यामुळे विचित्र परिस्थिती निर्माण झाली. सरकार प्रॉटेस्टंट, रयत कॅथलिक, चर्चमधली आणि बाजारातली बोली फ्रेंच पात्वा, कागद इंग्रजी. गुलामगिरी १८३४ ते १८३८ मध्ये टप्प्याटप्प्याने संपली. पुढे कोकोची लागवड वाढली तसे व्हेनेझुएलातून स्पॅनिश बोलणारे मजूर आले. पास्तोरा त्यांना घरापासूनच ओळखीची होती. सिपारियाची यात्रा त्या सगळ्यांनी धरून ठेवली.

आणि ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून सव्वादोनशेच्या आसपास हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातले, मजूर उतरले. १९१७ पर्यंत असे जवळपास १ लाख ४४ हजार लोक त्रिनिदादला आले. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, भोजपुरी आणि अवधी मुलखातले, काही मद्रासहून. पाच वर्षांचा करार, त्याचं ‘ॲग्रीमेंट’ तोंडात बसेना म्हणून ‘गिरमिट’, आणि करारातली माणसं गिरमिटिया. जहाजावर शंभर पुरुषांमागे निदान चाळीस बायका असाव्यात असा नियम करावा लागला, इतक्या बायका कमी. ज्या आल्या त्यांच्यामागे सासर नव्हतं, माहेर नव्हतं, गावदेवी नव्हती. मूल जगलं तर जावळ कुठे काढायचं, साथ आली तर कुणाला साकडं घालायचं, हे प्रश्न मात्र बरोबर आले होते.

मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर पास लागायचा. पास नसेल तर दंड, नाहीतर तुरुंग. स्वतःचे सण रस्त्यावर आणायचे तर काय होतं, हे १८८४ मध्ये दिसलं. मोहरमचे ताजिये, ज्याला तिथे होसे म्हणतात, त्यांची मिरवणूक हिंदू-मुसलमान दोघे मिळून काढत. त्या वर्षी सरकारने वटहुकूम काढून ती शहरात आणायला बंदी केली. मजूर तरी ताजिये घेऊन निघाले. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडोच्या वेशीवर पोलिसांनी गोळीबार केला. कमीत कमी सोळा माणसं मेली, शंभराहून जास्त जखमी झाली. सॅन फर्नांडोहून सिपारिया फार दूर नाही. तिकडे मात्र हीच माणसं माईच्या दर्शनाला शेकड्यांनी जात होती, आणि त्यांना कुणी अडवत नव्हतं. एकाचा परिणाम दुसऱ्यावर झाला असं मी म्हणत नाही. पण हे दोन रस्ते शेजारी ठेवून पाहिले की कुठली गर्दी सरकारला चालत होती आणि कुठली नाही, ते कळतं.

आता गुड फ्रायडेच का? एक कारण साधं आहे. त्या दिवशी सगळीकडे सुट्टी, मळाही बंद, म्हणजे पायी जाऊन यायला मोकळीक. दुसरं कारण पंचांगात आहे. ईस्टर ठरतो तो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून, त्यामुळे गुड फ्रायडे फाल्गुन नाहीतर चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो. २०२४ मध्ये होळी २५ मार्चला होती आणि गुड फ्रायडे २९ ला. २०२५ मध्ये रामनवमी ६ एप्रिलला आणि गुड फ्रायडे १८ ला. फगवा, म्हणजे तिकडची होळी, आणि चैत्री नवरात्राचे हेच दिवस. देवीला जायची वेळ झाली आहे हे भोजपुरी बाईला कुणी सांगायला नको होतं. हा माझा तर्क आहे, पण तारखा पाहिल्या की तो मोडत नाही. १९१३ मध्ये रेल्वे सिपारियापर्यंत पोचली आणि लांबच्या मळ्यांवरच्या बायकांनाही वाट सोपी झाली.

या बायका ख्रिस्ती झाल्या नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. हिंदी मजुरांमध्ये धर्मप्रसाराचं मोठं काम केलं ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनने. जॉन मॉर्टन १८६८ मध्ये आले आणि त्यांनी शाळा काढल्या. शाळेसाठी, नोकरीसाठी बाप्तिस्मा घेणारे निघाले. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये मूर्ती नव्हती. सिपारियात मूर्ती होती आणि बाप्तिस्म्याची अट नव्हती. नवस बोलायचा, फेडायचा, घरी जायचं. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणबत्ती लावून येणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. विद्वान याला धर्मांचं मिश्रण म्हणतात. त्या बाईला मात्र आपण काही मिसळतोय असं वाटलं नसणार. माई होती, ती सावळी होती, आणि ती ऐकत होती.

चर्चला हे सुरुवातीला अवघडच गेलं. गाऱ्हाणं निव्वळ श्रद्धेचं नव्हतं, दिवसाचंही होतं. गुड फ्रायडे हा येशूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदीवरचं कापड काढलेलं असतं, मूर्ती झाकून ठेवायची रीत आहे. आणि नेमक्या त्याच दिवशी हजारो माणसं तेल, फुलं, दागिने आणि टाहो फोडणारी तान्ही बाळं घेऊन मूर्ती उघडी असावी म्हणून दारात. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने इतर धर्मांकडे आदराने पाहावं असं जाहीर केलं, त्यानंतर सूर मऊ झाला. २०११ च्या जनगणनेत त्रिनिदाद-टोबॅगोत कॅथलिक साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास आणि हिंदू अठरा टक्क्यांच्या आसपास होते. एवढ्या शेजाऱ्यांना दार लावणं जमण्यासारखंही नव्हतं.

गावाने काढलेली तोड अगदी घरगुती आहे. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, माईला चर्चमधून उचलून शेजारच्या सभागृहात नेऊन बसवतात. शुक्रवारी चर्चमध्ये दुःखसहनाची उपासना चालते, वेदी उघडी-बोडकी, घंटा गप्प. भिंतीपलीकडे माईच्या पायाशी तेलाच्या बाटल्या जमत जातात, आणि बाहेर न्हाव्याच्या पायाशी काळ्या जावळाचा ढीग. यात्रा आटोपली की माई पुन्हा चर्चमधल्या आपल्या जागी जाते. तिथून ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी तिला मिरवणुकीला निघायचं असतं.