अमेरिकेतील माजी सैनिकांसाठी व्यसनमुक्तीचा सोबती: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

दारू किंवा गोळ्या सुटाव्यात म्हणून डॉक्टर सांगतात ते एका कानाने ऐकलं जातं. पण तेच व्यसन सोडलेला जुना फौजी समोर बसला, की निम्मं बोलावंच लागत नाही. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने, म्हणजे 'व्हीए'ने, अशा माणसांसाठी पगारी पद ठेवलं आहे: पीअर स्पेशालिस्ट, म्हणजे त्याच वाटेने गेलेला सोबती. २००८ च्या कायद्यात या पदाची पात्रता आली आणि २०१२ मध्ये अध्यक्ष ओबामांच्या आदेशाने ८०० जणांची भरती ठरली.

असा सोबती हवा असेल तर त्याचा वेगळा अर्ज शोधत बसू नका. आधी व्हीएच्या आरोग्यसेवेत नाव नोंदवायचं, त्यासाठी फॉर्म १०-१०ईझेड. तो ऑनलाइन, फोनवर, टपालाने किंवा रुग्णालयात जाऊन भरता येतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक), विम्याची कार्डं, गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचे आकडे आणि सेवामुक्तीचा कागद, म्हणजे डीडी २१४, जवळ ठेवा. ७ सप्टेंबर १९८० नंतर भरती झालेल्यांची सलग २४ महिने किंवा जितक्या काळासाठी बोलावलं तितका पूर्ण काळ सक्रिय सेवा झालेली असावी लागते. सेवेत आलेल्या अपंगत्वामुळे घरी पाठवलेल्यांना यात सूट आहे. नाव लागलं की डॉक्टरांना किंवा मानसोपचार विभागात स्वतःहून सांगा, "मला पीअर सपोर्ट, म्हणजे असा सोबती, हवा आहे." कुणीतरी आपणहून विचारेल म्हणून थांबू नका.

घोडं अडतं ते बहुतेक वेळा डीडी २१४ पाशी. व्यसनाच्या वर्षांत घरं बदलतात, संसार मोडतात, ट्रंका हरवतात. कागद नसेल तर एसएफ १८० फॉर्म भरून सेंट लुईस इथल्या राष्ट्रीय अभिलेख केंद्राकडून प्रत मागवता येते. १९७३ च्या आगीत तिथली दीड कोटीहून अधिक दप्तरं जळाली. १९६० पूर्वी लष्करातून बाहेर पडलेल्यांची नोंद म्हणूनच इतर कागदांवरून जुळवावी लागू शकते. वेळ धरून चाला.

दुसरी अडचण सेवामुक्तीच्या (डिस्चार्जच्या) कागदावरच्या शेऱ्याची. नशेपायीच सेवेतून काढलेले अनेक जण 'आपला डिस्चार्ज वाईट, आपल्याला काही मिळायचं नाही' असं धरून अर्जच करत नाहीत. ही घाई नको. 'डिसऑनरेबल' (अप्रतिष्ठेने काढलेला) शेरा असेल तर दार जवळपास बंदच, पण 'अदर दॅन ऑनरेबल' (सन्मानाने नाही, पण त्याहून सौम्य) असेल तर व्हीए प्रकरण तपासून ठरवते. शेरा बदलून घ्यायचा असेल तर सेवामुक्तीपासून १५ वर्षांच्या आत डीडी २९३ हा फॉर्म, त्यानंतर डीडी १४९. युद्धक्षेत्रात राहिलेल्यांना व्हेट सेंटरमध्ये, म्हणजे व्हीएच्याच समुपदेशन केंद्रात, समुपदेशन मिळतं, त्यासाठी व्हीएची नावनोंदणी लागत नाही. आणि जीव नकोसा झाला असेल तर कुठलाच फॉर्म नाही: ९८८ या मदतीच्या फोन क्रमांकावर फोन फिरवा आणि १ दाबा.

आता स्वतः सोबती व्हायचं असेल तर. एरवी नोकरीच्या अर्जात जे लपवलं जातं, तीच इथली पहिली पात्रता. उमेदवार माजी सैनिक हवा, व्यसनातून किंवा मानसिक आजारातून सावरून किमान एक वर्ष झालेलं हवं, आणि राज्याचं किंवा व्हीएने मान्य केलेल्या ना-नफा संस्थेचं पीअर प्रमाणपत्र हवं. जागा यूएसएजॉब्स या सरकारी संकेतस्थळावर निघतात. बायोडेटा, डीडी २१४ आणि प्रमाणपत्र जोडायचं. सेवेतल्या अपंगत्वामुळे भरतीत १० गुणांचं प्राधान्य मिळत असेल तर एसएफ १५ हा फॉर्म आणि व्हीएचं पत्रही. बायोडेटात सावरण्याचा काळ आणि इतरांसोबत केलेलं काम मोकळेपणाने लिहा, 'वैयक्तिक कारणांमुळे खंड' असं लिहून मोकळे होऊ नका.

पगार नको, फक्त वेळ द्यायचा आहे, त्यांच्यासाठी माजी सैनिकांची उपचार न्यायालयं आहेत. न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी २००८ मध्ये बफेलो इथे असं न्यायालय सुरू केलं. आरोपी माजी सैनिकाला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली उपचार, आणि जोडीला एक स्वयंसेवक फौजी. अर्ज त्या त्या न्यायालयाच्या समन्वयकाकडे करायचा. प्रत्येक न्यायालयाचे नियम वेगळे असल्याने पार्श्वभूमी तपासणी आणि प्रशिक्षण याबद्दल त्या समन्वयकालाच विचारून घ्या.